तिनं गोड मागितलं

सदरमधल्या त्या आइस्क्रीमच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती रागाच्या भरात. मी तेव्हा तिथल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. साहेबांनी त्या दिवशी एकच पत्र पुन्हा पुन्हा टाइप करायला लावलं आणि शेवटी म्हणाले, पहिलंच बरं होतं. एप्रिलची संध्याकाळ होऊन दिवे लागायला आले तरी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मला काहीतरी गार हवं होतं आणि कोणाशी बोलायचं नव्हतं. बसस्टॉपकडे जायचं सोडून मी एका गल्लीत शिरले. तिथे शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एका दाराला ओला खसचा पडदा लटकत होता. आतून दूध आटवल्याचा वास आला, म्हणून मी पडदा बाजूला केला.

दुकानाला पाटी नव्हती. आत एक बाकडं आणि ओळीनं मांडलेल्या लाकडी बादल्या. प्रत्येक बादलीत पत्र्याचा उंच डबा, त्याला फिरवायचा दांडा, डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ. आपल्याकडे लग्नाकार्यात पॉटचं आइस्क्रीम करतात तसंच सगळं, फक्त बादल्या लहान, भातुकलीतल्या वाटाव्यात इतक्या. मालक पन्नाशीचे, उंच, पांढऱ्या पायजम्यातले. मी त्यांना पुढे काका म्हणू लागले. ते एकटेच सगळे दांडे आळीपाळीनं फिरवत होते.

“काय काय आहे?” मी विचारलं.

“खा. मंग तुम्हीच सांगा,” म्हणाले आणि पांढऱ्या आइस्क्रीमचा काचेचा कप पुढे ठेवला.

पहिल्या घासाला नुसता गारवा. तो विरघळला तसा घशातून नाकात एक वास चढला. संत्र्याचा बहार! फळ नव्हे, फूल. काटोलच्या रस्त्यानं बागा बहरलेल्या असताना बस जाते तेव्हा खिडकीतून येतो तो. मी डोळे मिटले असतील. उघडले तर काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि ते हळू आवाजात म्हणाले, “हेच का?”

“हेच म्हणजे?” मी म्हटलं. पण त्यांनी मला विचारलंच नव्हतं. मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

भुताखेतांना मी लहानपणापासून हिंग लावून विचारत नाही. दुपारी सगळं ऑफिस जेवायला गेलं की मी त्या जुन्या दगडी इमारतीत एकटी बसून टाइप करायचे, वर माळ्यावर काहीतरी सरपटत असायचं, आणि माझी चूक व्हायची नाही. तरी त्या संध्याकाळी माझ्या मानेवर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आणि तरी मी पुन्हा गेले. चवीसाठी गेले असं मी स्वतःला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मी तिथे काय काय खाल्लं! मोहफुलांचं आइस्क्रीम, वाळवून ठेवलेल्या हुरड्याचं, कवठाचं, कापराचं. कापराचं खाताना कोणाच्या तरी घरी सांत्वनाला गेल्यासारखं वाटलं, ते मी अर्ध्यावर टाकलं. काकांची रीतही निराळी होती. ते बहुतेक वेळा दुधात काही घालायचेच नाहीत. रुंद तोंडाच्या भांड्यात साय ठेवायची, शेजारी वाटीत फुलं किंवा पेटता निखारा, आणि वरून परात उपडी घालायची. साय वास धरते, म्हणायचे, तिले हात लावावा लागत नाही. सकाळपर्यंत वास सायीत उतरलेला असायचा आणि वाटीतली फुलं मलूल पडलेली असायची. एकदा त्यांनी तुपाची वात विझवून तिचा धूर परातीखाली कोंडला होता. ते आइस्क्रीम जिभेवर ठेवलं आणि मला वाटलं, आत्ता या खोलीतला दिवा गेला. दिवा तर चालू होता. डोक्यावर पिवळा बल्ब जळत होता.

ऑफिसातल्या बायकांनी ते दुकान सोडून दिलं होतं. “तो माणूस क्रॅक आहे,” म्हणायच्या. मला मात्र काका आवडू लागले होते, कारण त्यांना खरं सांगितलेलं चालायचं. “हे साबणासारखं लागतं,” असं मी तोंडावर म्हणायचे आणि ते मान डोलवायचे. पण माझं मत झाल्यावर त्यांचं ते व्हायचंच. नजर माझ्या मागे. “हेच का?” मग मान थोडी कलती करून थांबायचे, शेजारच्या खोलीत निजलेलं मूल उठलं की काय, असं आई कान देऊन ऐकते तसे. मग म्हणायचे, “नाही म्हणते ती,” आणि तो सबंध डबा मोरीत ओतून द्यायचे. इतकं चांगलं आइस्क्रीम! माझा जीव तळमळायचा.

एकदा परतताना बसमध्ये मला ते ‘म्हणते ती’ आठवलं. नाही म्हणते ती. म्हणजे बाई. बस उकाड्यानं भरलेली होती, सगळे घामानं निथळत होते आणि माझे पाय गार पडले होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी मला मळकट पांढऱ्या रंगाचं काहीतरी दिलं. पहिला घास घेतला आणि मी त्या बाकावर राहिलेच नाही. मातीची खोली, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला मामा, आणि ताण्याला लावायची तांदळाची खळ चुलीवर रटरटते आहे. तो आंबूस, ऊबदार वास. आईच्या माहेरचा वास. मामाचं घर उमरेडच्या बाजूला, विणकरांच्या आळीत. तो माग कधीच बंद पडला होता, मामा एका गिरणीत लागला होता. ती खोलीही राहिली नव्हती. आणि ती माझ्या तोंडात होती.

“हे तुम्हाला कुठं मिळालं?” मी जरा ओरडलेच. “हा माझ्या आईच्या माहेरचा वास आहे.”

काकांच्या हातातला डाव डब्यावर आपटला. “कोणतं गाव?”

मी सांगितलं. ते समोरच्या उपड्या बादलीवर बसले. आतापर्यंत मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“माही बायको तिकडचीच,” म्हणाले. “विणकराचीच पोर.”

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी बायकोला सुजेचा आजार झाला होता. आधी पाय, मग चेहरा. रामदासपेठेतल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं आणि पथ्य कडक होतं. “पथ्याचं सारं मी सोता पाहिलं, बाई. एक कण इकडचा तिकडे होऊ देला नाही.” शेवटच्या संध्याकाळी त्यांनी देवापाशी दिवा लावला आणि ती खाटेवरून म्हणाली, मले थोडंसं गोड द्या. गोडाला डॉक्टरांची मनाई नव्हती. काकांना आनंद झाला, किती दिवसांनी तिनं तोंडानं काही मागितलं होतं. त्यांनी साखर दिली. तिनं तोंड फिरवलं. गूळ दिला, तोंड फिरवलं. धावत जाऊन पेढे आणले. हे नाही, गोड, म्हणाली. मग तिचं बोलणं बंद झालं, आणि उजाडायच्या आत ती गेली.

“कोणतं गोड, हे मी विचारलंच नाही,” काका म्हणाले. “तिच्या माहेरी जे जे गोड असंल ते ते करून पाहून राहिलो. मोह. हुरडा. तिच्या आंगनातलं कवठ. गोड म्हणजे एखाद्या वासालेही म्हणत असतीन, म्हणून वासही. दिवे लागले की येते ती. इथं मागं उभी राहते. मी विचारतो, अन् ती नाही म्हणते.”

हे त्यांनी कसल्याही नाटकाशिवाय सांगितलं, नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं. मला पळून जावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. इतक्या तऱ्हांची ती आइस्क्रीमं मी चैन म्हणून खाल्ली होती, आणि त्यांतलं प्रत्येक एका मेलेल्या बाईसाठी केलेलं होतं.

“तुह्या आईले घेऊन येजो एकदा,” ते म्हणाले. “तिले माहीत असंल, तिकडे गोड म्हणजे काय असते ते.”

आईला सांगितलं तेव्हा ती अंबाडीची भाजी निवडत होती. “काहून वं? मेलेल्या बाईचं तोंड मी कायले गोड करू?” म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “अन् तू जाऊन राहिली तिथं रोज? दिवे लागायच्या टायमाले? बंद कर.”

आईनं एकदा नाही म्हटलं की विषय संपला. मी पुन्हा काढला नाही. पण तिच्या डोक्यातून तो गेला नव्हता. मधेच पोळी लाटता लाटता विचारायची, “पोरंबाळं नव्हती का तिले?” मग एकदा, “शेवटी पानी तरी देल्लं का कोनी?” आणि एका रविवारी सकाळी स्वतःच म्हणाली, “आमच्याकडची पोर होती म्हनतेस न? चाल मंग. पन दिवे लागायच्या आत परत यायचं.”

पण काकांचा बर्फ त्या दिवशी उशिरा आला. आम्ही पोचलो तेव्हा हातगाडीवरची लादी नुकतीच उतरत होती. काकांनी धुतलेला सदरा घातला होता, कोणी मुलगी बघायला यावं तसे ते गडबडले होते. आईला त्यांनी बाकावर बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि बर्फ फोडून, मीठ पेरून दांडा फिरवायला लागले. त्या दिवशी एकच डबा होता. खळ, मोह आणि गूळ, तिन्ही एकत्र, आणि दुधाला गोवरीचा धूर दिलेला. आई पदर सावरून बाकाच्या कडेला बसली होती आणि दाराबाहेरच्या उजेडाकडे सारखी बघत होती. उजेड उतरत गेला. डबा जमता जमता लाइट गेली.

पंखा थांबला. पडद्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. काकांनी चाचपडत कंदील लावला. आईनं सवयीनं दिव्याला हात जोडले. कंदिलाच्या उजेडात आमच्या तिघांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या, आणि मी त्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं.

आईनं घास घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला. तिचा चेहरा मऊ झाला, मी तिला तशी फार कमी वेळा पाहिली आहे.

“हेच का?” काकांनी विचारलं. या वेळी मात्र मी वळून पाहिलं नाही. माझ्या पाठीला गार लागत होतं, आणि पंखा तर बंद होता.

उत्तर आईनं दिलं. “सप्पा बराबर आहे जी. माह्या मायच्या घरचाच वास आहे. फक्त गोड नाही यात.”

काका गोंधळले. “बाई, गूळ घातला न. चांगला भरपूर घातला.”

“गूळ आहे जी. गूळ लागून राहिला. मी गोड म्हनून राहिली.”

तेव्हा मला कळलं. आमच्या घरी दिवे लागले की मिठाला मीठ म्हणत नाहीत. आईच्या माहेरची रीत. रात्री त्याचं नाव घेऊ नये, घरातली लक्ष्मी जाते म्हणून. रात्रीच्या जेवणात आई म्हणायची, “वरणात गोड कमी पडलं का वं?” आणि आम्ही मिठाची वाटी पुढे सरकवायचो. लहानपणी चुकून मीठ म्हटलं म्हणून मी चिमटे खाल्ले आहेत. पण ते घरातलं, ताटावरचं बोलणं. दुकानात, परक्या माणसाच्या तोंडून गोड ऐकलं तेव्हा मी साखरच समजले, जगातलं कोणीही समजलं असतं.

आई तर त्या वेळी नाव घेणारच नव्हती. ती उठली, बादलीपाशी गेली आणि बर्फावर पेरलेल्या खड्यांकडे बोट दाखवलं. “हे. दिवे लागल्यावर आमच्याकडे याले गोड म्हनते.”

काकांनी बादलीकडे पाहिलं. मग आईकडे. “माह्या घरात ती असं कधी बोलली नाही,” म्हणाले.

“सासरी हसलं असंल कोनी. पोरी सोडून देतात मंग. पन शेवटी शेवटी मानूस मायचंच बोलते जी.”

काका उपड्या बादलीवर टेकले. मग म्हणाले, “डॉक्टरनं तेच तर बंद केलं होतं. वर्सभर अळणी खाल्लं तिनं. मी त्याचा डबा कुलपात ठेवत होतो. चावी माह्या जानव्याले.”

“दिवसा कधी मागितलं तिनं?” आईनं विचारलं.

“नाही. एकदाही नाही.”

“दिवसा नाव घ्यावं लागलं असतं न,” आई म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. “नाव घेतलं असतं तर तुम्ही देत नव्हते, हे माहीत होतं तिले. म्हनून तिनं दिवे लागायची वाट पाह्यली असंल. गोड म्हटल्यावर कोन नाही म्हनते?”

मला आईचा राग आला. इतकं सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांनी त्या माणसाला हे कशाला कळायला हवं होतं? काकांचा चेहरा कंदिलापलीकडे होता आणि मला तो दिसत नव्हता, आणि बरंच झालं असं मला वाटलं.

“मले समजलं असतं,” ते अखेर म्हणाले, “तरी मी देलं नसतं, बाई.”

आईनं आपला कप बाजूला ठेवला. दुसरा स्वच्छ कप घेतला, डब्यातलं आइस्क्रीम त्यात स्वतःच्या हातानं भरलं, हळदीकुंकवाला आलेल्या बाईला द्यावं तसं नीट, आणि तो काकांसमोर बाकावर ठेवला.

“आता द्या न जी,” ती म्हणाली. “आता काय होते तिले?”

काका उठले. कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला. खडे हातात करकरल्याचा आवाज आला. ते मूठ घेऊन कपापाशी आले आणि मूठ कपावर धरली. पडद्याचं पाणी ठिबकत होतं आणि कपातलं आइस्क्रीम कडेनं विरघळायला लागलं होतं.

मूठ उघडेना. मग त्यांनी ती हळूच मागे घेतली, छातीशी धरली, आणि ज्या आवाजात आमच्याशी ते कधीच बोलले नव्हते अशा मऊ, समजूत घालणाऱ्या आवाजात म्हणाले,

“डॉक्टर नाही म्हणून राहिले वं.”